वहिनीचं बीजगणित

"हे गणित तू केलंयस?" मगदूम बाईंनी विचारलं.

"हो, बाई."

"आणि हे?"

"हो."

"मग हे कुणी केलं?" त्यांनी गृहपाठाच्या वहीशेजारी दुसरा कागद ठेवला. माझा चाचणीचा पेपर होता. पंचवीसपैकी चार.

शाळा सुटून अर्धा तास झाला होता. नववी ब चा वर्ग रिकामा होता आणि शिपाईमामा शेजारच्या खोलीतली बाकं ओढत होते. ही १९८८ सालची गोष्ट, इचलकरंजीतली. मगदूम बाई आम्हाला बीजगणित शिकवायच्या. त्यांनी कधी कुणावर हात उगारला नाही, पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत त्या समोरून हलत नसत, आणि त्यापेक्षा एखादी छडी परवडली असती.

"गृहपाठात एक चूक नाही," त्या म्हणाल्या. "आणि प्रत्येक गणिताखाली ताळा. आलेलं उत्तर समीकरणात परत घालून तू बघितलंयस, दोन्ही बाजू सारख्या येतात का ते. उजू, पंधरा वर्षं मी घसा फोडून सांगते की ताळा करा. एक मुलगी करत नाही. तू करतेस. आणि पेपरात? ताळा राहू दे, कंसाबाहेर वजा असला की आतली चिन्हं बदलतात, एवढंही तुला ठाऊक नाही."

बाई उठल्या आणि त्यांनी फळ्यावर गणित लिहिलं. 'आईचे वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे. पाच वर्षांपूर्वी ते चौपट होते. तर दोघींची आजची वये काढा.' मग खडू माझ्या हातात दिला.

हे गणित माझ्या वहीत होतं. मीच माझ्या अक्षरात उतरवलं होतं, ताळ्यासकट. मी फळ्यावर 'समजा' असं लिहिलं आणि थांबले.

"समजा काय?"

मला पुढचं काही येत नव्हतं.

"वर्गात कुणाची वही बघून लिहितेस?"

"नाही, बाई. शप्पथ नाही."

"मग घरी कोण करून देतं? दादा?"

गजूदादा सातवीत शाळा सोडून मागावर बसलेला. मी मान हलवली. बाई वाट बघत उभ्या राहिल्या. शेवटी मी म्हणाले, "वहिनी."

"वहिनी किती शिकलीय?"

"दहावीत होती. तिच्या आईचं पोटाचं ऑपरेशन झालं आणि घरचं सगळं तिच्यावर पडलं. परीक्षेला बसलीच नाही. मग लग्न झालं."

बाई पुन्हा खुर्चीवर बसल्या आणि वहीची पानं पहिल्यापासून उलटू लागल्या. मला वाटलं, आता घरी चिठ्ठी जाणार. पण त्यांनी वही मिटली आणि शेवटी त्या म्हणाल्या, "तू जा आता. उद्या मला भेट. आणि यापुढं गृहपाठ तुझा तू करायचा. चुकला तरी चालेल."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी माझ्या हातात एक पाकीट दिलं. आत बाहेरून दहावीला बसणाऱ्यांसाठीचा सतरा नंबरचा फॉर्म होता आणि वहिनीच्या नावानं एक चिठ्ठी.

"वहिनीच्या हातात दे. आईच्या नव्हे, वहिनीच्या. तिच्या शाळेचा दाखला लागेल. तीस तारखेच्या आत फॉर्म माझ्याकडं आला पाहिजे."

तीस तारखेला बारा दिवस होते.

आमच्या घराला लागूनच मागाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड आणि चार माग. आमचे वडील, आण्णा, वारल्यापासून ते दादाच चालवायचा. मागावर कापड विणायला धोटा लागतो आणि धोट्यात सुतानं भरलेली कांडी. चार माग दिवसभर कांड्या खात असतात. त्या भरायचं मशीन मागच्या पडवीत होतं. आईनं तिथं पंचवीस वर्षं कांड्या भरल्या आणि तिचा उजवा खांदा गेला. मग थोडे दिवस ते काम माझ्याकडं आलं. मला ते अजिबात आवडायचं नाही. वासंती वहिनी लग्न होऊन आली आणि मी सुटले.

वहिनी एकोणीस वर्षांची होती, जवळच्या लाट गावची. अंगानं बारीक, बोलणं हळू. पहिले सहा महिने ती घरात आहे की नाही हे कळायचं नाही. एकदा मी पडवीत पुस्तक घेऊन रडत बसले होते, तर ती मशीन थांबवून माझ्याजवळ आली.

"काय अडलंय?"

"तुला नाही कळायचं. बीजगणित आहे."

तिनं गणित वाचलं. दादा कापडावर खुणा करायला वापरायचा तो निळा खडू तिथं पडला होता. तो उचलून तिनं फरशीवरच लिहायला सुरुवात केली. आठ ओळींत गणित सुटलं. मग खाली रेघ मारून तिनं उत्तर परत घालून बघितलं आणि स्वतःशीच म्हणाली, "आलं की!"

तो चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता. केसांवर सुताचा पांढरा भुरका, नाकावर घाम आणि अशी हसत होती की जणू माहेरचं कुणी दारात आलंय.

तेव्हापासून रोज चार वाजता आई देवळात गेली की वहिनी विचारायची, "उजू, आज किती दिलीत?" मी वही उघडायची, तिनं फरशीवर सोडवायचं, मी उतरवून घ्यायचं. आई यायच्या आत ती ओल्या फडक्यानं फरशी पुसून टाकायची. तिनं मला समजावून सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. मीच म्हणायचे, "तू कर गं, मला आधी उतरवू दे."

त्या दिवशी पाकीट दप्तरात घेऊन मी घरी आले, ते देण्याच्याच इराद्यानं. वहिनी पडवीत होती.

"उजू, आज किती दिलीत?"

"आज नाहीत."

"एक पण नाही?"

"बाई म्हणाल्या, आता थोडे दिवस गृहपाठ नाही."

हे मी का बोलले ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. बोलून गेले. पाकीट मी माझ्या ट्रंकेत जुन्या स्वेटरखाली ठेवलं. उद्या देऊ, म्हटलं. आईला कळलं तर घरात रामायण होईल, वहिनीलाच बोलणी बसतील, तिच्या भल्यासाठीच थांबलेलं बरं, असं मी स्वतःला समजावत होते. ते सगळं खरंही वाटत होतं.

वहिनी रोज विचारायची. "आज पण नाहीत?" चौथ्या दिवशी ती म्हणाली, "मग तुझं पुस्तक तेवढं देतेस? मागची सोडवते." मी दिलं. पुस्तक मांडीवर ठेवून, एका हातानं कांड्या बदलत, तिनं झालेलीच गणितं पुन्हा पहिल्यापासून करायला घेतली. मी आत जाऊन बसायचे. माझा स्वतःचा गृहपाठ रोज चुकत होता आणि बाई त्यावर लाल शाईनं फक्त गोल करत होत्या, काही बोलत नव्हत्या.

सत्तावीस तारखेला त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"काय म्हणाली वहिनी?"

"नको म्हणाली, बाई."

"तिनं स्वतः चिठ्ठी वाचली?"

"हो. घरात चालायचं नाही म्हणाली."

"बरं," त्या म्हणाल्या आणि वर निघून गेल्या. तीस तारीख गेली. मला वाटलं, संपलं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चाचणीचे निकाल दाखवायला पालकांना बोलावलं. दरवेळी आई यायची. त्या दिवशी तिचा खांदा इतका धरला की तिला लुगडंही नीट नेसता येईना. ती म्हणाली, "वासंती, तूच जाऊन सही करून ये." मी म्हटलं, नको, मी पत्रक घरी घेऊन येते. कुणी ऐकलं नाही.

वहिनी लग्नातली जांभळी साडी नेसून आली. वर्गाच्या दाराशी आल्यावर तिनं चपला काढल्या. मी म्हटलं, घाल, इथं घालतात. तिनं काही ऐकलं नाही. ती फळ्याकडं बघत होती. त्यावर सकाळची गणितं तशीच होती, आणि तिचे ओठ हलत होते.

"तू वासंती का?" मगदूम बाई उठून उभ्या राहिल्या. आलेल्या दुसऱ्या कुठल्याही पालकासाठी त्या उठल्या नव्हत्या. "बस. मला तुला बघायचंच होतं. तू नको म्हणालीस, मला फार वाईट वाटलं गं."

वहिनीनं त्यांच्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मी बाकाच्या कडेला इतकं घट्ट धरलं होतं की नखं दुखत होती.

"घरात अडचण असणार, ते मी समजू शकते," बाई म्हणाल्या. "पण फॉर्म भरून ठेवायला काय हरकत होती?"

मग वहिनी हळू आवाजात म्हणाली, "आत्याबाईंचा खांदा दुखतो. कांड्या भरायला कुणी नाही, म्हणून."

"अजून पंधरा तारखेपर्यंत उशिराचे फॉर्म घेतायत. म्हणजे परवापर्यंत. विचार कर."

"करते, बाई," वहिनी म्हणाली. तिनं पत्रकावर सही केली, आईचं नाव लिहून खाली स्वतःचं.

परतताना ती भरभर पुढं चालत होती. मी तिच्या मागून चालत होते. दोन वेळा मी "वहिनी" म्हटलं आणि दोन्ही वेळा ती चालतच राहिली. पडवीत आल्यावर तिनं पिशवी खुंटीला अडकवली.

"कुठं आहे?"

मी ट्रंक उघडून पाकीट आणून दिलं. तिनं उभ्यानंच चिठ्ठी वाचली. एकदा वाचून झाल्यावर पुन्हा वाचली. मग तिनं फॉर्म उलगडला आणि त्यावरच्या रिकाम्या चौकटींवरून बोट फिरवलं, नाव, जन्मतारीख, शेवटची शाळा. मला वाटलं, ती रडेल नाही तर मला मारेल. मला दोन्ही चाललं असतं. ती म्हणाली, "इथंच थांब," आणि फॉर्म हातात घेऊन शेडमध्ये गेली.

मी थांबले नाही. मागोमाग गेले.

चारही माग चालू होते. त्या आवाजात माणसं बोलत नाहीत, खुणा करतात. दादा मागच्या बाजूला तुटलेला धागा जोडत होता. वहिनी त्याच्यासमोर जाऊन काहीतरी म्हणाली. दादानं कानाला हात लावला. ती पुन्हा म्हणाली. दादानं मान हलवली आणि बाहेर थांब अशी खूण केली. ती हलली नाही. तिनं आणखी मोठ्यानं सांगितलं. गळ्याच्या शिरा ताठ झालेल्या मला दिसल्या. दादाला वाटलं, आईला काही झालं. त्यानं धावत जाऊन एकेक करून चारही माग बंद केले, आणि शेवटचा थांबला तेव्हा वहिनीचं ओरडणं चालूच होतं.

"—दहावीला बसायचंय! मला दहावीची परीक्षा द्यायचीय!"

शेडभर तो आवाज घुमला. शेजारच्या कारखान्यातला माणूस खिडकीत डोकावला. लग्न होऊन दीड वर्षात वहिनीचा आवाज आमच्या भिंतीपलीकडं गेला नव्हता. तिनं स्वतःच दचकून तोंडावर हात ठेवला.

"अगं, मला वाटलं कोण गेलं," दादा म्हणाला. त्याला धाप लागली होती. "हे काय मधनंच?"

तिनं फॉर्म पुढं केला. "उजूच्या बाईंनी दिलाय. परवा शेवटची तारीख आहे."

"परवा? आणि आज सांगतेस? दिला कधी?"

मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. आता ती सांगणार.

"आजच दिला," वहिनी म्हणाली.

तोवर आई खांदा धरून आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं, गल्लीनंच ऐकलं होतं. आम्हाला वाटलं होतं तसं रामायण काही झालं नाही. आई सुताच्या पोत्यावर बसली आणि थकलेल्या आवाजात म्हणाली, "परीक्षा दे की गं बाई, माझं काय जातंय. पण अभ्यासाला बसलीस की कांड्या कोण भरणार? माझा हात वर होत नाही. बाहेरची बाई ठेवायची ऐपत नाही. माग काय रिकामे ठेवायचे?"

तिचं चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. वहिनी फॉर्मची घडी घालायला लागली, एक घडी, मग दुसरी, आणि तिच्याकडं बघता बघता माझ्या तोंडून निघालं,

"मी भरीन."

तिघंही वळून माझ्याकडं बघायला लागले.

"तू?" दादा म्हणाला. "आणि शाळा?"

"सकाळी भरीन, शाळेच्या आधी. आल्यावर परत. परीक्षा होईपर्यंत."

"दीड वर्षात मशीनला हात लावला नाहीस," आई म्हणाली. "धागा तरी जोडता येतोय का आता?"

"वहिनी दाखवेल."

आई माझ्याकडं बघत होती. मी रडत का होते ते तिला कळलं नसणार. मग गुडघ्यावर हात टेकून ती उठली. "दाखव बाई तिला," ती वहिनीला म्हणाली. "आणि ती घडी सोड. कागद चुरगळला तर घेतील का ते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा माग बंद ठेवून सायकलवरून लाटेला गेला आणि दुपारी वहिनीचा दाखला घेऊन आला. फॉर्म मी स्वतः बाईंच्या हातात दिला. "बाई, तिनं नको म्हटलं नव्हतं," मी म्हणाले. "मी तिला दिलाच नव्हता." बाईंनी फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवला. मात्र वर्षभर त्यांनी मला कुठलंही काम सांगितलं नाही, वह्या गोळा करायचंसुद्धा.

वहिनीही चार दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. कांडी अशी बसव, धागा असा घे, बोट आत घालू नको. एकदा मी "वहिनी, मी तेव्हा..." असं सुरू केलं तर ती म्हणाली, "धागा बघ, तुटला." पाचव्या दिवशी चार वाजता मी मशीनवर होते आणि ती समोर पुस्तक घेऊन बसली होती. वर न बघताच तिनं विचारलं, "आज किती दिलीत?"

"सहा."

"वाच एकेक. सोडवायचं तू, तोंडी. हात चालू ठेव."

मार्चपर्यंत असंच चाललं. ती मला उत्तर सांगायची नाही. मी चुकले की म्हणायची, "ताळा कर," आणि ताळा केला की चूक कुठं झाली ते माझं मलाच सापडायचं. नववीला मी गणितात काठावर पास झाले. वहिनी दहावीला पहिल्या वर्गात पास झाली, बीजगणितात पंचाहत्तरपैकी सदुसष्ट. निकालाच्या दिवशी दादानं गल्लीत पेढे वाटले आणि प्रत्येकाला वेगवेगळे गुण सांगितले, कारण त्याला नीट आठवत नव्हते.

अकरावीला जायचं तिच्या मनात होतं. ते झालं नाही. त्याच वर्षी सीमाचा जन्म झाला, मग मंगेशचा. पण गल्लीच्या टोकाला अंगणवाडी निघाली तेव्हा दहावी पास बाई हवी होती, आणि आमच्या भागात अशी एकच होती. आज तीस वर्षांहून जास्त झाली, ती तिथं आहे. माग कधीच विकले.

मला तिनं कधीही विचारलं नाही की तू फॉर्म का लपवलास. आम्ही दोघी कितीदा तरी एकत्र बसलो, एकमेकींची बाळंतपणं काढली, आई गेली तेव्हा एका पांघरुणात झोपलो. तिनं विषय काढला नाही आणि माझी हिंमत झाली नाही. गेल्या भाऊबीजेला मी इचलकरंजीला गेले होते. वहिनी पुऱ्या तळत होती, मी लाटून देत होते. का कुणास ठाऊक, त्या दिवशी मी बोलले.

"वहिनी, तो फॉर्म. मी आईच्या भीतीनं नव्हता लपवला."

"कुठला फॉर्म?" ती म्हणाली, आणि मग, "हां. तो होय."

"कांड्या माझ्यावर येतील म्हणूनही नव्हता. म्हणजे ते होतं, पण थोडंसं. तू गणितं करतेस हे बाईंना मी सांगितलं ना, तेव्हा त्यांनी माझी वही मिटली आणि हातात तशीच धरून ठेवली. म्हणाल्या, 'ही मुलगी माझ्या वर्गात असती तर मला रोज शाळेत यावंसं वाटलं असतं.' मी समोर उभी होते गं. मी तर होतेच त्यांच्या वर्गात." मी लाटणं खाली ठेवलं. "मला तुझा हेवा वाटला. एवढंच होतं ते."

वहिनीनं झारा कढईत तसाच ठेवला. पुरी फुगून लाल व्हायला लागली होती.

"माझा?" ती म्हणाली.

"हो."

"माझा हेवा? तुला?" तिच्या चेहऱ्यावर राग येतोय का ते मी शोधत होते. तो नव्हता. तिचे डोळे मोठे झाले होते, आणि ती हसायला लागली. चोपन्न वर्षांची बाई, पण त्या हसण्याला मला वय दिसेना. "अगं, पोलकं ठिगळाचं होतं माझं! दिवसभर सुतात बसलेली असायची मी. आणि माझा हेवा!" तिनं गॅस बारीक केला आणि बाहेरच्या खोलीकडं मान वळवून हाक मारली, "अहो, इकडं या जरा! उजू काय म्हणतीय ऐका!"

दादा पेपर हातात घेऊन दारात आला. "काय झालं?"

"थांबा, तिलाच सांगू दे." वहिनीनं पदरानं हात पुसले, पाट ओढला आणि माझ्यासमोर बसली. "हां, सांग. बाई काय म्हणाल्या होत्या? सावकाश सांग."